योहान ब्लेकची धाव खरोखरच अपुरी राहिली का? (शिखर ओलांडलेल्या वेगवान धावपटूंविषयी)

मलप्रभाकाठ (खानापूर)

शंभर मीटर अंतर ९.६९ सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात धावणारे पुरुष आजवर तीनच झाले आहेत: उसेन बोल्ट, टायसन गे आणि योहान ब्लेक. यांपैकी ब्लेकचा विषय निघाला की बोलणाऱ्याचा सूर आपोआप हळहळीचा होतो. मैदानावरच्या आमच्या नेहमीच्या गप्पांतही परवा तसेच झाले, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना तपशील आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०११ साली देगू येथील जागतिक स्पर्धेत बोल्ट सदोष सुरुवातीमुळे बाद झाला आणि एकवीस वर्षांचा ब्लेक शंभर मीटरचा विश्वविजेता झाला. बोल्ट बाद झाला म्हणून याला मिळाले, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ब्रसेल्स येथे ब्लेकने दोनशे मीटर अंतर १९.२६ सेकंदांत पार केले. पुढच्या वर्षी जमैकाच्या निवड चाचणीत त्याने दोन्ही अंतरांवर बोल्टला मागे टाकले, लंडन ऑलिम्पिकमध्ये दोन्ही अंतरांवर रौप्यपदक घेतले आणि ऑगस्टमध्ये लोझान येथे ९.६९ ही वेळ नोंदवली. तेव्हा त्याचे वय बावीस होते. त्यानंतर मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत २०१३ मध्ये झाली आणि २०१४ मध्ये ग्लासगो येथे पुन्हा झाली. पुढे तो पुष्कळ वर्षे धावला, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरला चौथा आला, पण ९.८० च्या आत पुन्हा कधीही गेला नाही. दुखापतीनंतरची त्याची सर्वोत्तम वेळ ९.८५ असून ती २०२२ सालची आहे.

ब्रसेल्सच्या शर्यतीचा एक आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. पिस्तूल वाजल्यापासून ब्लॉकवर (सुरुवातीला पाय टेकवतात त्या ठोकळ्यांवर) पायांचा जोर पडेपर्यंत ब्लेकला त्या दिवशी ०.२६९ सेकंद लागले, जे या दर्जाच्या धावपटूसाठी फारच सावकाश आहे. बोल्टने बर्लिनमध्ये १९.१९ चा विश्वविक्रम केला तेव्हा त्याला ०.१३३ सेकंद लागले होते. हा प्रतिसादाचा काळ दोघांच्याही वेळेतून वजा केला, तर ब्लेकची प्रत्यक्ष धाव सुमारे १८.९९ सेकंदांची आणि बोल्टची १९.०६ सेकंदांची भरते. वाऱ्याची मदत ब्लेकला थोडी अधिक होती हे मान्य. तरीही त्या रात्री पृथ्वीवरचा सर्वांत वेगवान दोनशे मीटरवाला कोण होता, याचे उत्तर विक्रमांच्या यादीतून मिळत नाही.

प्रश्न असा आहे की, ज्याने हे करून दाखवले त्याची क्षमता वाया गेली असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

टिळकवाडीकर

अण्णा, आकडे उत्तम दिले आहेत, पण निष्कर्ष मला पटत नाही. बाविसाव्या वर्षी ९.६९ धावणाऱ्याकडून पुढच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णाची अपेक्षा करणे यात अवाजवी काय आहे? त्याने वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले नाही, आणि देगूचे पद सोडले तर जागतिक स्पर्धेतही पुन्हा वैयक्तिक पदक मिळवले नाही. अशा कारकिर्दीला अपुरी म्हणू नये, तर मग कोणत्या कारकिर्दीला म्हणावे?

दुखापत हे कारण खरे आहे, परंतु वय हे कारण मी स्वीकारणार नाही. लिनफर्ड ख्रिस्तीने बार्सिलोनाचे सुवर्ण बत्तिसाव्या वर्षी जिंकले आणि पुढच्या वर्षी ९.८७ धावून स्वतःचीच कामगिरी सुधारली. किम कॉलिन्सचे उदाहरण तर याहून विलक्षण आहे. सेंट किट्स आणि नेव्हिस या चिमुकल्या देशाचा हा धावपटू २००३ साली १०.०७ या साधारण वेळेत विश्वविजेता झाला आणि २०१६ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, ९.९३ धावला, ती त्याच्या संपूर्ण आयुष्यातील सर्वोत्तम वेळ होती. (जस्टिन गॅटलिन पस्तिसाव्या वर्षी विश्वविजेता झाला, पण उत्तेजकांच्या बंदीचा इतिहास असल्याने त्याला मी दाखल्यात धरत नाही.)

माझ्या मते खरी अपुरी कारकीर्द असाफा पॉवेलची. दहा सेकंदांच्या आत नियमानुसार ९७ वेळा धावलेला दुसरा कोणी नाही, विश्वविक्रमही त्याच्या नावावर होता, आणि तरी अथेन्स व बीजिंग या दोन्ही ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतींत तो पाचवा आला. त्याचे शरीर शाबूत होते, वेग होता, आणि तरीही मोठ्या दिवशी त्याच्याकडून ते झाले नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

टिळकवाडीकर, तुमच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देतो. बोल्टचे ९.५८ आणि १९.१९ हे दोन्ही विक्रम ऑगस्ट २००९ मधले आहेत. शंभर मीटरच्या दिवशी त्याला तेविसावे वर्ष पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते. म्हणजे त्याचेही शिखर बाविसाव्याच वर्षी आले. त्यानंतर लंडनला ९.६३, रिओला ९.८१ आणि २०१७ च्या जागतिक स्पर्धेत ९.९५ सह तिसरा क्रमांक, असा त्याचा आलेख आहे. आठ वर्षे तो स्वतःच्या तरुणपणापेक्षा मंद धावत होता, पण बोल्टची क्षमता अपुरी राहिली असे म्हणताना मी कोणालाही ऐकलेले नाही.

खरे तर त्याच्या बाबतीत तसे म्हणायला जागा अधिक आहे. बीजिंगमध्ये शेवटचे वीस मीटर हात पसरून धावूनही त्याची वेळ ९.६९ होती, आणि तो तसाच धावत राहिला असता तर ९.६० च्या आसपास पोहोचला असता असा हिशेब नॉर्वेच्या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडला होता. ज्याने स्वतःहून वेग सोडला त्याला आपण माफ करतो, आणि ज्याचा स्नायू फाटला त्याच्याबद्दल हळहळतो. दोघांचा उतार सारखाच आहे. एकाकडे उतारावरही पदके येत राहिली, दुसऱ्याकडे आली नाहीत. एखाद्याने एकदा गाठलेली वेळ आपण त्याच्या नावावरचे कर्ज समजतो आणि पुढची सगळी वर्षे व्याज मागत बसतो, हीच माझी तक्रार आहे.

भौतिकोपचार_शहापूर

माझा व्यवसाय भौतिकोपचाराचा असल्यामुळे या चर्चेतील शरीराच्या भागाविषयी लिहिते.

पूर्ण वेगात असलेल्या अव्वल धावपटूचे पाऊल जमिनीला सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी काळ टेकते, आणि तेवढ्यात त्याला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर जमिनीत घालावा लागतो. मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे ज्याला खेळाडू सर्रास हॅमस्ट्रिंग म्हणतात तो, सर्वाधिक धोक्यात असतो तो पाऊल टेकण्याच्या क्षणापूर्वी. पुढे झेपावलेली तंगडी आवरण्यासाठी हा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावण्याचा प्रयत्न करतो. तेथे फाटलेला स्नायू भरून येतो, दुखणे थांबते, तपासणीत ताकदही परत आलेली दिसते. परंतु एकदा फाटलेल्या जागी पुन्हा फाटण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, धावपटू नकळत ती तंगडी थोडी आधीच आवरू लागतो. पाऊल किंचित आखूड पडते. एका पावलामागे दोन सेंटिमीटर गेले, तरी चाळीस-पंचेचाळीस पावलांच्या शर्यतीत जवळजवळ एक मीटर जातो, आणि त्या वेगात एक मीटर म्हणजे जवळपास ०.०९ सेकंद. ब्लेकचे ९.६९ आणि पुढची त्याची बरी वर्षे यांमधील अंतराचा मोठा भाग मला यातच दिसतो. त्याची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे हा केवळ अभ्यासू तर्क समजावा.

वयाचा परिणाम वेगळ्या मार्गाने होतो. जलद आकुंचन पावणारे तंतू प्रथम क्षीण होतात, स्नायुबंधांची स्थितिस्थापकता कमी होते आणि पाऊल जमिनीवर अधिक काळ रेंगाळते. गंमत अशी की पावलांचा ठेका बऱ्यापैकी टिकून राहतो. कमी होते ती पावलाची लांबी. कॉलिन्स चाळिशीत धावू शकला याचे एक कारण मला असे वाटते की, तो मुळात अंगाने हलका आणि सुरुवातीच्या साठ मीटरांत निष्णात होता. ब्लेक त्याच्या नेमका उलट, प्रचंड ताकदीवर धावणारा होता. तेव्हा टिळकवाडीकर, वय सर्वांना एकाच मापाने लागू होत नाही.

उचगावची_लेक

चर्चा अजून पुरुषांपलीकडे गेलेली नाही, याचे आश्चर्य वाटले नाही, पण नोंद करते.

जमैकाच्या मर्लीन ऑटीच्या नावावर ऑलिम्पिकची ९ पदके आहेत आणि त्यांत एकही सुवर्ण नाही. १९९३ साली स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत आणि १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये, दोन्ही वेळा अमेरिकेची गेल डिव्हर्स आणि ऑटी यांची शंभर मीटरची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत एकच होती (अनुक्रमे १०.८२ आणि १०.९४), आणि दोन्ही वेळा छायाचित्र पाहून सुवर्ण डिव्हर्सला देण्यात आले. पुढे ऑटी स्लोव्हेनियाकडून धावू लागली आणि २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांची होईपर्यंत, ऑलिम्पिकमध्ये धावत राहिली. याच्या उलट शेली-ॲन फ्रेझर-प्राइस. २०१७ मध्ये मुलाला जन्म दिल्यानंतर ती परतली, २०२१ मध्ये चौतिसाव्या वर्षी १०.६० ही तिची कारकिर्दीतील सर्वोत्तम वेळ आली, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा विश्वविजेती झाली. बाळंतपणानंतर कारकीर्द संपली असे आधीच ठरवून मोकळे होणाऱ्यांनी हे दोन आकडे जवळ ठेवावेत.

आपल्या देशात पी. टी. उषा यांचे ५५.४२ सर्वांना पाठ आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदक हुकले. परंतु त्यानंतरच्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी ५ सुवर्णपदके जिंकली आणि १९८६ च्या सोल एशियाडमध्ये आणखी ४, हे मात्र कितींना आठवते? ५५.४२ या वेळेशी बरोबरी करायला भारताला २०२३ साल उजाडावे लागले. ती विथ्या रामराजने हांगझोऊ येथे केली. एकोणचाळीस वर्षे टिकलेल्या धावेला आपण हुकलेली धाव म्हणतो. मलप्रभाकाठ काकांचे म्हणणे मला येथे पूर्ण पटते.

हिमा दासच्या बाबतीत मात्र मला हळहळ वाटते आणि ती योग्य आहे असेही वाटते. २०१८ च्या जुलैमध्ये फिनलंडमध्ये चारशे मीटरचे वीस वर्षांखालील विश्वविजेतेपद आणि ऑगस्टमध्ये जकार्ता एशियाडमध्ये ५०.७९ चा राष्ट्रीय विक्रम, हे सारे अठराव्या वर्षी. मग पाठीचे दुखणे आले आणि ती चारशे मीटरपासून दूर गेली. तिला तरुणपणीच आपण इतके सत्कार, इतके मंच आणि इतकी भाषणे दिली की, सरावासाठी सावकाश बसण्याची तीन-चार वर्षे तिच्या वाट्याला आली असतील का, अशी शंका येते.

फक्की_आणि_शिट्टी (निपाणी परिसर)

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. हिमा दासच्या उल्लेखावरून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

शालेय वयातील वेग फसवा असतो. आमच्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शर्यतींत चौदा-पंधरा वर्षांचा जो मुलगा सर्वांच्या पुढे असतो, तो बहुधा वयाने नव्हे, तर शरीराने लवकर मोठा झालेला असतो. दोन वर्षांनी बाकीची मुले त्याच्या उंचीला येतात आणि मग 'याचे काय झाले' असे लोक विचारू लागतात. काहीही झालेले नसते. जन्मदाखल्यातील खाडाखोडीविषयी मी येथे अधिक लिहीत नाही, कारण प्रत्येक मैदानावर ती सर्वांना ठाऊक असते. ऑस्ट्रेलियाच्या गाऊट गाऊटने २०२४ च्या डिसेंबरमध्ये सोळाव्या वर्षी दोनशे मीटर २०.०४ सेकंदांत धावून पीटर नॉर्मनचा १९६८ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हापासून जग त्याला पुढचा बोल्ट म्हणत आहे. मुलगा खरोखर असामान्य आहे, पण त्याच्या नावावर आतापासूनच एवढे ओझे टाकले गेले आहे की, उद्या तो नुसता विश्वविजेता झाला तरी कोणीतरी हळहळेल. ट्रेव्हॉन ब्रोमेलचे हेच झाले. अठराव्या वर्षी ९.९७ धावून दहा सेकंदांच्या आत येणारा तो पहिला कनिष्ठ गटातील धावपटू. रिओनंतर घोट्यामागच्या स्नायुबंधाने त्याची वर्षे खाल्ली. २०२१ मध्ये ९.७६ पर्यंत परतला, तर त्याच वर्षी टोकियोच्या उपांत्य फेरीतच बाहेर पडला. उलट आपला अनिमेष कुजूर पाहा. फुटबॉल खेळता खेळता तो शर्यतींकडे उशिरा वळला, आणि २०२५ साली ग्रीसमध्ये १०.१८ धावून त्याने शंभर मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची आहे. तुम्ही सर्व जण सेकंदाच्या शंभराव्या भागाची चर्चा करत आहात. आमच्याकडे मुरमाच्या मैदानावर फक्कीने आखलेली लेन, हातातले स्टॉपवॉच आणि शिट्टी एवढेच असते. हाताने घेतलेली वेळ यंत्राच्या वेळेशी जुळवायची तर शंभर मीटरसाठी तीत ०.२४ सेकंद मिळवावे लागतात, म्हणून गावात १०.९ धावणारा मुलगा राज्य पातळीवर यंत्रासमोर ११.१४ चा ठरतो आणि स्वतःला नालायक समजून परत येतो. त्याची क्षमता कमी झालेली नसते, पहिल्यांदा नीट मोजलेली असते. पण हे त्याला समजावून सांगायला तेथे कोणी नसते.

सांबरा_रस्ता

सर, तुमच्या लिखाणावरून २०२० सालचा कंबळ्याचा प्रसंग आठवला. दक्षिण कन्नडमधील श्रीनिवास गौडा चिखलातून म्हशींमागे १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत धावला आणि कोणीतरी त्रैराशिक मांडून त्याचे शंभर मीटर ९.५५ सेकंदांचे ठरवले. दोन दिवसांत तो बोल्टपेक्षा वेगवान झाला. केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी त्याला चाचणीचे निमंत्रण दिले आणि त्याने ते नम्रपणे नाकारले. म्हशींची जोडी धावणाऱ्याला ओढत असते, वेळ कशी घेतली जाते हे कोणी पाहत नाही, आणि ब्लॉकमधून उठून वेग मिळवण्याची कसोटी त्यात नसतेच. तो आपल्या खेळातला अव्वल पुरुष होता आणि त्याला दुसऱ्याच्या खेळात अपुरा ठरवून घ्यायचे नव्हते. माझ्या मते या धाग्यातील सर्वांत शहाणा माणूस तोच.

आता विषय आपल्या जिल्ह्याचा निघालाच आहे, तर फडेप्पा चौगुले यांचेही नाव यावे. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावच्या या धावपटूने मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला होता, आणि ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा लांब होती.

टिळकवाडीकर

चौगुले यांचे नाव आले याचा आनंद आहे, परंतु ते लांब पल्ल्याचे धावपटू होते. वेगवान धावपटू आपल्याकडे का घडत नाहीत, हा प्रश्न शिल्लकच राहतो. मणिकंठ होबळीधर कर्नाटकाचाच आहे आणि २०२३ साली बेंगळुरूमध्ये त्याने १०.२३ चा तत्कालीन राष्ट्रीय विक्रम केला होता. तो धावला सेनादलाकडून. आपल्या बेळगावात तर मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच आहे. मग अडते कोठे?

फक्की_आणि_शिट्टी (निपाणी परिसर)

अडते ते भरतीच्या अंतरावर. सैन्यभरतीत धावण्याची कसोटी १.६ किलोमीटरची असते आणि साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण गुण मिळतात. पहाटे रस्त्यांवर दिसणारी आमची मुले या एकाच आकड्यासाठी धावतात. ज्याच्या पायांत उपजत वेग आहे, त्यालाही सोळाव्या वर्षापासून रोज पाच-सहा किलोमीटर पळवले जाते, कारण घराला पदक नको असते, पगार हवा असतो. त्यात मी पालकांना दोष देत नाही. सैन्यात गेल्यावर एखादा मणिकंठ घडतोही. पण तेथे पोहोचण्यासाठी आमच्या वेगवान मुलाला आधी मध्यम पल्ल्याचा धावपटू व्हावे लागते.

वयाचा हिशेबही पाहा. शंभर-दोनशे मीटरचा धावपटू साधारण बावीस ते सव्वीस या वयात शिखरावर येतो, आणि सैन्यभरतीचे दार एकविशीच्या आसपास बंद होते. म्हणजे शिखर येण्यापूर्वीच आमच्याकडचा निर्णय लागून गेलेला असतो. ब्लेकला निदान बाविसावे वर्ष धावपट्टीवर मिळाले.

सध्या माझ्याकडे दहावीचा एक विद्यार्थी आहे. हाताच्या घड्याळावर तो ११.३ धावतो आणि वळणावर त्याची पावले फार सुरेख पडतात. त्याचे वडील त्याला पुढच्या महिन्यापासून भरतीच्या तयारीला घालणार आहेत. त्यांना काय सांगावे, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

भौतिकोपचार_शहापूर

सर, वर्षभर त्याला १.६ किलोमीटरच्या तयारीपासून दूर ठेवता आले तर उत्तम. नाही आले, तर आठवड्यातून किमान दोन दिवस पूर्ण विश्रांती घेऊन पूर्ण वेगाच्या साठ ते ऐंशी मीटरच्या धावा चालू ठेवाव्यात. जलद तंतूंना काम मिळत राहणे महत्त्वाचे आहे. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यावर बसून, कोणीतरी घोटे धरून, सावकाश पुढे झुकण्याचा व्यायाम आतापासूनच शिकवावा. त्याला कोणतेही साहित्य लागत नाही. दमलेल्या पायांनी वेगाच्या धावा मात्र अजिबात देऊ नयेत.

मलप्रभाकाठ (खानापूर)

वडिलांना महाराष्ट्र पोलीस भरतीचा पर्याय सांगून पाहा. तेथे १६०० मीटर आणि गोळाफेकीबरोबर १०० मीटरच्या धावेलाही स्वतंत्र गुण आहेत, साडेअकरा सेकंदांच्या आत येणाऱ्या मुलाला ते पूर्ण मिळतात, आणि खुल्या गटासाठीही वयोमर्यादा अठ्ठावीसपर्यंत आहे. म्हणजे पंचविशीपर्यंत तो दोनशे मीटर धावत राहिला तरी नोकरीची वाट बंद होत नाही, उलट तोच सराव कामी येतो. सीमाभागातील ८६५ गावांच्या रहिवाशांना तेथे अर्ज करता येतो, त्यासाठी रहिवासाचा दाखला मात्र वेळेत काढावा लागेल. मुलाचे गाव त्या यादीत आहे का, एवढे पाहून कळवा. कागदपत्रांच्या कामात मी मदत करीन.

फक्की_आणि_शिट्टी (निपाणी परिसर)

गाव यादीत आहे. रविवारी त्याच्या वडिलांना भेटायला जात आहे.